राधेश्याम मॉलच्या दारातल्या चपला

५ ऑक्टोबर २०२२, दसरा
राधेश्याम मॉलचं उद्घाटन झालं. राधेश्याम म्हणजे मीच. बदनापुरात हायवेला लागून असा मॉल कोणी बांधला नव्हता. खाली अजमतभाईंचं बुटांचं शोरूम, वर फूड कोर्ट आणि जिम, मधोमध सरकता जिना. लॉबीत सत्यनारायण घातला. प्रसादाला थेट केदारखेड्याहून माणसं आली. दाराबाहेर चपलांचा हा ढीग! वॉचमन कचरूला समजावलं, याला फुटफॉल म्हणतात. आमची उषा म्हणाली, हायवेची सगळी जमीन घातली, त्यात मंगल कार्यालय तरी बांधायचं होतं. बायकोला व्हिजन नाही.

१९ ऑक्टोबर
पूजा कधीच उठली, पण लोक अजून चपला बाहेरच काढतात. आष्टीच्या एका बाईंना मी स्वतः म्हटलं, ताई, घालून या. त्या म्हणाल्या, पूजेची जागा है भाऊ, अन् फरशी किती चकचकीत है, पाय कसा ठेवावा. हा आदर आहे. मोठ्या शहरातल्या मॉलला असा आदर मिळत नाही.

३ नोव्हेंबर
बोर्ड लावला : 'चपला घालूनच आत यावे.' लोक थांबून नीट वाचतात आणि बोर्डाखाली चपला काढतात. निदान एका ओळीत तरी राहतात.

१२ डिसेंबर
अजमतभाई आले. म्हणाले, राधेश्यामभाऊ, गिऱ्हाईक अनवाणी येऊन राह्यलं. बूट घालून बघा म्हटलं की लाजतं, पाय धुवून येतो म्हनतं, अन् गेलेलं वापस येत न्हाई. मी त्यांना पॉझिटिव्ह राहायला सांगितलं. लोकांना पाय धुवायची सवय आपल्यामुळे लागत असेल तर तीही समाजसेवाच.

२० जानेवारी २०२३
कचरूने सरकता जिना परस्पर बंद केला. म्हणे, अनवाणी मान्सं हैत साहेब, एखाद्याचं बोट गेलं मंग? त्याला झापला. नंतर कोणी नसताना जिना चालू करून स्वतः अनवाणी चढून पाहिलं.
जिना बंदच ठेवणार आहे. वीज वाचेल.

२२ मार्च, पाडवा
फूड कोर्ट गेलं. वर कोणी चढत नाही अशी त्यांची तक्रार. जिना बंद म्हणजे काय चढता येत नाही? जिमवाल्याने तरी हे समजून घ्यायला हवं होतं. तोही गेला. वरच्या मजल्यावर आता स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका. आपण एज्युकेशन हब होतोय.
संकल्प : रोज सकाळी लवकर उठून नवीन टेनंट शोधणे.

२३ मार्च
उशिरा जाग आली. उद्यापासून.

७ ऑगस्ट
अभ्यासिका गेली. फार उकडतं म्हणे. एसी मीच बंद केला होता, पण परीक्षेला बसणाऱ्याने थोडं सोसायला नको का? तिथे आता बियाण्यांची पोती. उषाला सांगितलं, अॅग्रो डिव्हिजन सुरू केलं. ती म्हणाली, गोदाम म्हना की. जेवण झालं नाही नीट.

१४ फेब्रुवारी २०२४
उंदीर. पोतीवाला पोती घेऊन गेला. उंदीर राहिले.

९ जून
अजमतभाई निघाले. मी त्यांच्या पाया पडलो. अक्षरशः. त्यांनी खांद्याला धरून उठवलं आणि म्हणाले, असं नका करू भाऊ, तुम्ही मानूस चांगले हैत, पन मला लेकरं हैत. बूट टेम्पोत भरताना मीच हात लावला. संध्याकाळी सगळी शटरं ओढून लॉबीत बसलो. फार भीती वाटते. विकायला दुसरी जमीन नाही आणि दुसरं काही येतही नाही.
बोर्ड पुसून घेतला. उद्या एखादी मोठी कंपनी पाहायला आली तर स्वच्छ दिसायला हवा.

१७ जानेवारी २०२५
कोणी आलं नाही. उषाचा भाऊ पप्पू तेवढा आला. तिनेच बोलावलं होतं, हे नंतर कळलं. म्हणाला, दाजी, बिल्डिंग मला चालवायला द्या. मंगल कार्यालय करतो. तुम्ही बिलकुल टेन्शन घेऊ नका, फक्त मधी पडू नका. मी ठामपणे नकार दिला. उषाने तिघांना चहा ओतला. चहा संपायच्या आत हो म्हणालो. हे तात्पुरतं आहे.

१८ मे
पप्पू लॉन्समध्ये पहिलं लग्न. मला पत्रिका होती. वाजतगाजत वरात आली, दाराबाहेर उद्घाटनाच्या दुप्पट चपला. शेवटी माझाच अंदाज बरोबर निघाला, जागेत दम आहे. कचरू आता पप्पूकडे आहे. त्याने मला दारात अडवलं आणि खाली बघत म्हणाला, साहेब, चपला बाहेर काढा, पप्पूशेठचा नियम है. बोर्ड माझाच होता. 'घालूनच' खोडून वर 'काढूनच' लिहिलं होतं.
काढल्या.
अक्षता टाकून बाहेर आलो तर माझ्या चपला गेलेल्या. डांबर तापलं होतं. रस्त्यापलीकडे अजमतभाईंचं नवीन दुकान आहे, तिथपर्यंत उड्या मारत गेलो. त्यांनी खुर्ची दिली, पायावर पाणी घातलं, एक जोड घालून दिला. लग्नतिथीला दुकान जोरात चालतं म्हणाले. ऐकून बरं वाटलं.
समोर पंगत बसली होती. पप्पू गेटातून जल्दी या म्हणून हात करत होता. भूकही लागली होती. पण चपला नव्या होत्या. बाहेर काढायचा धीर झाला नाही. तसाच घरी आलो.