आईच्या आयरिसवर मावा

मानपाडा, डोंबिवली (पूर्व)
१२ जानेवारी २०२५

ति. कलावतीआत्यास,
सूरजचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहितो. बाबा बरे आहेत. कंपनीतून येतात, टीव्ही लावतात, बघत नाहीत.

आईच्या आयरिसवर मावा पडला आहे. गॅलरीतल्या चारही कुंड्यांत. पानांच्या बेचक्यात बारीक काळपट किडे दाटीने बसलेत, पानं चिकट झालीत, कळ्या वाकड्या होऊन सुकतात. साबणाचं पाणी मारलं की मावा जातो आणि परत येतो. नर्सरीवाला म्हणाला, मावा गोड रस सोडतो, तो प्यायला काळ्या मुंग्या त्याची राखण करतात. आधी मुंग्यांची पावडर टाक.

पावडर आणली आहे. टाकवत नाही. आई गेली त्या रात्री आपण दिव्याशेजारी पीठ पसरून वर टोपली झाकली होती. सकाळी टोपली उचलली तर पिठावर मुंग्यांची बारीक वाट होती. तू म्हणालीस, हेमा मुंगी होऊन आली. तेव्हापासून मुंगी दिसली की माझा पाय उचललेलाच राहतो. आता त्या आईच्याच झाडांवर चढतात. मी गॅलरीत गेलो की सगळ्या थांबतात, असं वाटतं. मुंग्या घालवल्या नाहीत तर झाडं जातील. घालवल्या तर ती जाईल. काय करू?

उत्तराची वाट पाहतो. आमच्यावर लक्ष असू दे.
तुझा सूरज

टेंभी नाका, ठाणे
१७ जानेवारी २०२५

चि. सूरज यास आत्याचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. अक्षर अजून असं, जसं काही मास्तर मागे उभे आहेत! जेवतोस का, ते मात्र लिहिलं नाहीस.

अरे, मी बोलले ते खोटं होतं असं म्हणणार नाही. आमच्याकडे पूर्वीपासून पीठ बघतात. पण तुझी आई मधुमेहापायी बारा वर्षं बिनसाखरेचा चहा प्याली. आता बिचारी चार थेंब गोड पिते, तर तिला पावडर घालतोस होय रे? ती पुडी त्या नर्सरीवाल्याला परत दे.

मारायचं नाही, वाट अडवायची. कुंडी विटेवर ठेव आणि वीट पाण्याच्या पसरट ताटलीत. पानं ग्रिलला टेकू देऊ नकोस. मावा ओल्या फडक्याने पुसून काढ, संध्याकाळी कडुनिंबाचं तेल साबणाच्या पाण्यात घालून फवार. मुंग्यांचा पहारा उठला की ठिपक्यांचे ढालकिडे येतात, उरलेला मावा ते खातात. मुंग्यांना दाराशी चिमूटभर साखर घाल. हेमाला म्हणावं, नणंदेने जरा बाजूला बसायला सांगितलंय. ऐकायची नाही म्हणा. माझं कधी ऐकलंय तिने!

बाबांना सांभाळ, स्वतःलाही.
तुझी आत्या

मानपाडा, डोंबिवली (पूर्व)
२० फेब्रुवारी २०२५

ति. आत्यास,
सूरजचा शि. सा. न. वि. वि.

जेवतो. पावडर परत केली. सगळं तू लिहिलंस तसं केलं.

पहिल्या दिवशी मुंग्या ताटल्यांच्या काठाने गोल गोल फिरत राहिल्या. साखरेकडे एकही गेली नाही. दुसऱ्या दिवशी काही पाण्यात उतरल्या. मी त्या बोटाने बाहेर काढत होतो, तेवढ्यात बाबा मागे येऊन उभे राहिले. आई गेल्यापासून ते गॅलरीत आले नव्हते. त्यांनी हळूच विचारलं, तिला वर का जाऊ देत नाहीस. आत्या, टोपली उचलली तेव्हा बाबा अस्थी आणायला स्मशानात गेले होते, आणि मी त्यांना कधीच काही सांगितलेलं नाही. तू सांगितलंस का?

तीन कुंड्यांवरचा मावा गेला. ढालकिडे आले. काल पहिलं फूल उघडलं, पण बाबांनी ते पाहिलं नाही. चौथ्या कुंडीची ताटली त्यांनी त्याच दिवशी काढून टाकली होती. सगळ्या मुंग्या आता तिच्यावर आहेत. तिची पानं काळी पडलीत, मी पुसत नाही. बाबा तिच्याजवळ स्टूल घेऊन बसतात, हळू आवाजात बोलतात, मी आलो की गप्प होतात. घरात इतकं बोलताना मी त्यांना आई असतानाही ऐकलं नव्हतं.

ती कुंडी महिनाभरसुद्धा टिकायची नाही. त्यानंतरचा उपाय तुला ठाऊक असला, तरी मला लिहू नकोस. ती गेली की बाबांसाठी दुसऱ्या एका कुंडीची ताटली मीच काढीन.

माया असू दे.
तुझा सूरज