बारा प्रजाती आणि एक सूड

३ मार्च, सोमवार
लीड डिझायनरची जागा तिला मिळाली. आठ वर्षांपूर्वी ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर शिकाऊ म्हणून बसली, तेव्हा परग्रहवासीयाला गुडघे किती असावेत हेसुद्धा मला विचारायची. आजपासून ती बाईसाहेब. मी या गेम कंपनीत अकरा वर्षं परग्रहांवरच्या प्रजाती घडवतोय. एकोणतीस माझ्या नावावर आहेत. मला विशेष वाईट वाटलेलं नाही. जेवण गेलं नाही, पण ते उकाड्यामुळे.

४ मार्च, मंगळवार, सकाळी ११
पहिली मीटिंग. बाईसाहेबांनी माझ्या एकोणतीसही प्रजाती पडद्यावर एका रांगेत उभ्या केल्या. म्हणाल्या, नीट बघा, यातली बावीस म्हणजे कपाळावर टेंगूळ आलेली माणसं आहेत. उरलेल्या सातांना टेंगूळ नाही, पण ती निळी आहेत. सगळे हसले. चित्रकारही हसला, ज्याने ती टेंगळं स्वतःच्या हाताने काढली.
नव्या गेमसाठी बारा नव्या प्रजाती हव्यात. प्रत्येकीचं शरीर वेगळं, श्वास वेगळा, बोलणं वेगळं, रुसायची पद्धतही वेगळी. मुदत सहा आठवडे. वर सगळ्यांसमोर म्हणाल्या, "सर, हे तुम्हीच करू शकता." जखमेवर मीठ, तेही चमचा चमचा मोजून.

दुपारी ३
राजीनामा लिहिला. भाषा फार चांगली उतरली. मग वाटलं, इतका चांगला मजकूर यांच्या हाती का द्यावा. ठेवून दिला.
संकल्प: सूड. ज्याने ज्याने माझा अपमान केला, त्याची एकेक प्रजाती करायची. गेम बाजारात आला की लाखो खेळाडू दिवसरात्र त्यांना गोळ्या घालतील. मी फक्त बघणार. कायद्यात बसतं.

६ मार्च, गुरुवार
शत्रूंची यादी केली. नऊच निघाले. बारा हवेत. बायकोने विचारलं, कसला एवढा विचार करताय. म्हटलं, तीन कमी पडतायत. ती म्हणाली, तुमचा स्वभाव बघता आठवडाभरात होतील.
दहा.

१० मार्च, सोमवार
हात असा कधी चालला नव्हता. चार प्रजाती झाल्या.
एच.आर.च्या बाई: वायुरूप प्रजाती. आकार नाही, कडा नाही. विचारलेला प्रश्न त्यांच्यातून आरपार जातो. उत्तर मिळतं, पण विचारणाऱ्याच्या नातवाला. (माझी रजा 'तपासून सांगते' म्हणाल्या होत्या. फेब्रुवारीत.)
शेजारी: दगडी प्रजाती. चारशे वर्षांतून एकदा हलते आणि हलली की नेमकी दुसऱ्याच्या दारात बसते. (त्याची गाडी रोज आमच्या दारात असते.)
दातांचे डॉक्टर: नुसती बोटंच बोटं. समोरच्याचं तोंड अडकल्याशिवाय यांना बोलायला सुचत नाही.
चित्रकार: बुरशी. एक डोंगर व्यापून आहे. एका टोकाला कुणी हसलं की सगळा डोंगर हसतो. स्वतःचं मत कुठल्याच टोकाला नाही.
चित्रकारानेच ती काढली. म्हणाला, सर, ही भारी आहे, हिला मी मनापासून काढतो. दुधखुळा. स्वतःची कबर स्वतःच रंगवतोय.

१६ मार्च, रविवार
आज मुख्य सावज: मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ. फरश्यांचं दुकान आहे. त्याची बायको दोन वर्षांपूर्वी वारली, तेव्हापासून दर रविवारी आमच्याकडे जेवायला असतो आणि पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत बोलतो. माझ्या पाठदुखीवर सल्ला, गाडीच्या टायरवर सल्ला, भाजीत मीठ कधी घालावं यावर सल्ला. शेवटी ठरलेला प्रश्न: "भावजी, अजून कार्टूनंच काढता का?"
आज मी उलट बोललो नाही. शास्त्रज्ञासारखा निरीक्षण करत बसलो. तीन तास. आढळलं ते असं: खोलीत कुणी बोलायचं थांबलं की तो घाबरल्यासारखा आजूबाजूला बघतो आणि लगेच सुरू होतो. बायको पाणी आणायला स्वयंपाकघरात गेली, तर आवाज चढवला. ती परत आली, तर उतरवला. निघताना दारात वीस मिनिटं उभा होता.
मर्म सापडलं. आता याची खैर नाही.

१७ मार्च, सोमवार
गुरगुट. प्रचंड देह, तीन पोटं, डोळे नाहीत. सतत घुमतो. हा आवाज समोरच्यावर आपटून परत येतो, तेव्हाच त्याला कळतं की कुणीतरी अजून इथे आहे, गेलेलं नाही. गप्प बसला तर त्याच्यापुरतं जग रिकामं होतं. म्हणून गप्प बसत नाही.
टीप खेळाडूंसाठी: आवाजाच्या दिशेने नेम धरावा. चुकणं अशक्य.

१९ मार्च, बुधवार
बाईसाहेबांवर काम चालू. बारा डोळे दिले, सगळे दुसऱ्यांच्या चुकांवर. जमेना. अस्सलपणा हवा. त्या कॅन्टीनमध्ये गेल्या तेव्हा टेबलावर त्यांची वही उघडी होती. हेरगिरी नव्हे. मी उभा होतो, वहीही तिथेच होती.
चुकांची यादीच निघाली. पण सगळ्या स्वतःच्या. 'मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर टेंगळांवर विनोद करायला नको होता.' 'जागा स्वीकारण्याआधी सरांशी बोलायला हवं होतं. धीर झाला नाही.' अशी चार पानं.
म्हणजे ही बाई आतून पोकळ आहे. उत्तम.
प्रजाती: नखील. पाठीवर कवच. झालेली प्रत्येक चूक स्वतःच्याच नखाने त्यावर कोरतो. वयाबरोबर कवच इतकं जड होतं की पळता येत नाही. सोपं लक्ष्य.

२६ मार्च, बुधवार
बाराही प्रजाती चाचणीला गेल्या. चौतीस खेळाडू, चौतीस बंदुका. मी काचेमागे उभा राहिलो. नवा शर्ट घातला होता.

संध्याकाळी ६
काहीतरी तांत्रिक बिघाड असावा. कुणी गोळ्याच झाडल्या नाहीत. चाचणी घेणारी बाई म्हणाली, सव्वीस जणांनी गुरगुटाशेजारी बंदूक खाली ठेवली आणि नुसते बसून राहिले. तो घुमायचा थांबला की हे पाय आपटायचे, त्याला कळावं म्हणून की आम्ही आहोत. पाय आपटल्याने काही होतं असं आम्ही गेममध्ये ठेवलेलंच नाही. एका मुलीने नखीलाला तळ्यावर नेऊन त्याचं कवच धुवायचा प्रयत्न केला. दगडी प्रजाती दारात येऊन बसली, तर एकाने भिंत फोडून दुसरं दार केलं.
हल्लीच्या पिढीत लढाऊ वृत्ती राहिलेली नाही.

२८ मार्च, शुक्रवार
उपाय: किळसवाणेपणा वाढवला. गुरगुटाला लाळ, गळवं, पाठीवर ओले केस. दुर्गंधीही लिहिली. प्रोग्रामरने कळवलं की गेममध्ये वास येत नाही. ठाऊक आहे मला. तत्त्व म्हणून लिहिली होती.

२ एप्रिल, बुधवार
दुसरी चाचणी. लाळेमुळे तो आणखी आवडला. आता सव्वीसचे एकोणतीस झाले.
बाईसाहेब केबिनमध्ये बोलावून म्हणाल्या, सर, अकरा वर्षांत तुम्ही असं काही लिहिलं नव्हतं. पूर्वी तुम्ही प्रजाती मनाने रचायचात, या वेळी कुणाकडे तरी नीट बघितलंय. नखीलाचं वर्णन वाचून मी रात्री रडले, हेही म्हणाल्या. मी मान हलवली. शत्रू रडला, म्हणजे योजना निम्मी यशस्वी. फक्त रडण्याचं कारण दुरुस्त करायला हवं.

७ एप्रिल, सोमवार
चूक सापडली. बारावी प्रजाती नुसती संख्या भरायला घेतली होती, ती बदलायची. वाईट दिसायला शेजारी चांगलं लागतं. खेळाडूला खऱ्या थोरपणाचं दर्शन झालं की बाकीच्या अकरांची पायरी आपोआप कळेल.
बारावी प्रजाती: प्रज्ञक. उंच, सडपातळ, सहनशील. विश्वाचं सारं ज्ञान यांच्याकडे, पण मान कुणी दिला नाही. तरी मनात कडवटपणा नाही. खेळाडू भेटला की प्रज्ञक त्याला सगळं शांतपणे समजावतो. संवाद नऊ पानं. एका बैठकीत लिहिले, कुठे अडलो म्हणून नाही. कपाळावर एक उंचवटा दिलाय. छोटा आहे. टेंगूळ नव्हे.

११ एप्रिल, शुक्रवार
तिसरी चाचणी. चौतीसपैकी एकतीस जणांनी प्रज्ञकाला गोळ्या घातल्या. सरासरी दुसऱ्या मिनिटाला, म्हणजे पान पहिलं, परिच्छेद तिसरा. उरलेल्या तिघांपैकी दोघे संवाद पुढे ढकलायचं बटण शोधत होते. तिसऱ्याला झोप लागली.
अभिप्राय: 'आधी काही वाटलं नव्हतं, पण मग हात थांबेना.' दुसरा: 'गेममधला सर्वांत समाधानकारक शत्रू.'
बाईसाहेबांनी हळू आवाजात विचारलं, सर, हा कुणावरून घेतला का? म्हटलं, काल्पनिक आहे. त्यांनी प्रज्ञकाची फाईल मिटली. मग म्हणाल्या, याला सरावाच्या पातळीत घेऊ. खेळाडूला बंदूक धरायला शिकवतात, तिथे.
ठीक आहे. शिक्षकाची भूमिका आहे ती.

१३ एप्रिल, रविवार
ऑफिसात जमलं नाही तर घरी. मेहुण्याने स्वतःच्याच हाताने स्वतःला गोळी घालावी, याहून गोड सूड नाही. चाचणीची प्रत घरी आणली. जेवणाआधी त्याला टीव्हीसमोर बसवलं, कंट्रोलर हातात दिला, बटणं दाखवली. म्हटलं, बघा तरी माझी कार्टूनं.
गुरगुट आला. घुमायला लागला. मेहुणा बोलता बोलता थांबला. मी याआधी त्याला थांबताना पाहिलं नव्हतं. पडद्यावर त्याचं वर्णन आलं, ते मेहुण्याने वाचलं. परत वाचलं. गोळी घातली नाही. पाचेक मिनिटं तिथेच बसला, मग कंट्रोलर टीपॉयवर ठेवला.
म्हणाला, "भावजी, हा मी आहे ना?"
या क्षणासाठी उत्तर तयार होतं. 'काल्पनिक.' एक शब्द. त्याऐवजी मी टीव्ही बंद केला.
तो म्हणाला, "मी एवढा बोलतो, हे मला कुणी सांगितलं नाही. ती असताना ती सांगायची."
मुकाट्याने जेवला. ताट स्वतः धुतलं. दारात थांबला नाही.
सूड पूर्ण. संध्याकाळी पेढे आणावेत म्हणत होतो. दुकान लांब आहे.

२० एप्रिल, रविवार
मेहुणा आला. 'मीठ' म्हणाला, 'पुरे' म्हणाला, 'येतो' म्हणाला. एकूण तीन शब्द. किती शांत जेवण. घड्याळाचा काटा ऐकू येत होता, भिंतीतून शेजाऱ्याचा टीव्ही ऐकू येत होता, माझं चावणं ऐकू येत होतं. बायको माझ्याकडे बघत होती. तो गेल्यावर तिने विचारलं, काय केलंत तुम्ही त्याला? म्हटलं, गेम दाखवला.
पाठ दुखतेय. कशाने शेकावी हे तो सांगायचा. लक्षात ठेवलं नव्हतं.

२७ एप्रिल, रविवार
आला नाही. दुकानात माल यायचाय, असं बहिणीला फोनवर सांगितलं. रविवारी माल येत नाही, हे आमच्या घरी सगळ्यांना माहीत आहे. गेल्या दोन वर्षांत त्यानेच निदान चाळीस वेळा सांगितलंय.
बायको माझ्याशी बोलत नाही. घरात दोन सहनशील प्रज्ञक, ऐकणारा कुणीच नाही.

४ मे, रविवार
सकाळी दहा वाजता मेहुण्याच्या दुकानात गेलो. शटर अर्धं वर होतं. आत एकटाच बसला होता, फरश्यांचे नमुने पुसत. मला बघून उठला, खुर्ची दिली, बोलला काहीच नाही.
मी वाक्य ठरवून गेलो होतो. माफी मागायची नव्हती, फक्त खुलासा करायचा होता. तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते असं: बाथरूमला कोणती फरशी घालावी?
त्याने माझ्याकडे बघितलं. म्हणाला, जमिनीला की भिंतीला? म्हटलं, दोन्हीला. मग म्हणाला, भावजी, आधी पाण्याचा उतार कुठे आहे ते सांगा. मी म्हटलं, ते मला कुठे कळतंय, तुम्हीच येऊन बघा.
पाऊण तास बोलला. खरखरीत फरशी का, गुळगुळीत का नाही, चुना किती, सिमेंट किती, गवंडी कुठला आणि कुठला बोलवायचा नाही. मध्येच त्याचा आवाज थोडा उतरला, तेव्हा मी उगाच पाय हलवले.
मग माझ्याबरोबर घरी आला, जेवला, माझ्या पाठीला काय लावावं ते सांगितलं. दारात पंचवीस मिनिटं. बायकोने मला दुसऱ्यांदा वाढलं.
नोंद: ही माघार नव्हे. शत्रूला बेसावध ठेवण्याची चाल आहे.

५ मे, सोमवार, सकाळी ७.३०
मेहुणा दोन गवंडी घेऊन आलाय. बाथरूम फोडायला सुरुवात झाली. बाथरूमला काही झालेलं नव्हतं. सहा आठवड्यांचं काम आहे, म्हणतो, आणि नीट व्हावं म्हणून रोज स्वतः येऊन उभा राहणार आहे.
अंघोळीला शेजाऱ्याकडे जायचंय. टॉवेल घेऊन निघालोय. त्याच्या गाडीला वळसा घालून.