औषधवाल्यांसाठी मी लिहिलेले नियम

बाबा, तुमच्या दुकानात कुटलेला माल कधी आत येत नसे. हे मला लहानपणापासून माहीत होतं, आणि माहीत असूनही मी जे केलं ते आज तुम्हाला सांगायला बसले आहे. तुम्ही जाऊन वीस वर्षं होऊन गेली. सभेत दोन-दोन तास बोलते मी, कागद हातात घेत नाही. हे चार ओळींचं पत्र मात्र तीनदा लिहून फाडलं.

कारंज्याचं आपलं काष्ठौषधींचं दुकान. मानोऱ्याकडच्या तांड्यांवरून बाया मुळ्या घेऊन येतात, ओट्यावर ढीग लावतात. तुम्ही त्या ढिगातून एक मुळी उचलता, मोडता, मोडलेली बाजू उजेडाकडे धरता. मग अर्धी आपल्या तोंडात टाकता आणि अर्धी विकणाऱ्याच्या हातावर ठेवता. त्याने चावली की मगच भावाची गोष्ट. एकदा जीप घेऊन एक वैद्यबुवा आले होते. गळ्यात माळा, तोंडी संस्कृत, आणि पोत्यात तयार चूर्ण. तुम्ही त्यांना चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणालात, "महाराज, तुमी कुटून आनलं, आता म्या यात काय पाहू? आख्खी मुळी आना." ते फार बोलले, तुमचं शिक्षण काढलं. तुम्ही कपबशा उचलत राहिलात. मी तेव्हा कॉलेजात होते आणि वाचलेलं सगळं मला घरात बोलून दाखवायचं असे. मी म्हटलं, बाबा, ही काही परीक्षा नाही, निकष सगळ्यांना सारखे हवेत, लिहिलेले हवेत. तुम्ही हसून म्हणालात, "सारखेच त हायेत. चावाले साऱ्यालेच देतो." आणि त्याच वर्षी गिऱ्हाइकांचा खोळंबा नको म्हणून मी तुमच्या मागे अर्धं पोतं शतावरी चक्कीवरून दळून आणली, तेव्हा तुम्ही ओरडला नाहीत. ती सगळी परसातल्या खड्ड्यात ओतलीत. "आता हे काय हाय ते म्या लोकायले कसं सांगू वं?" एवढंच विचारलंत. आपल्याच दुकानातली, मीच दळून आणलेली, तरी तुम्हाला चालली नाही, याचा मला कितीतरी दिवस राग होता.

गेल्या वर्षी इकडच्या एका मोठ्या गावात, नाव लिहीत नाही, आठवडी बाजारातलं कसलंसं तेल पोटात घेऊन एक माणूस मरता मरता वाचला. ग्रामसभेत मी बोलले. तुम्ही कधी माझं भाषण ऐकलं नाहीत. ऐकलं असतंत तर म्हणाला असतात, लय जोरात बोलतं. पण त्या दिवशी सभा हलली. बाजारात औषधं विकणाऱ्यांसाठी नियम करायची समिती तिथेच झाली आणि मला अध्यक्ष केलं. नियम मी लिहिले. माल सीलबंद हवा. पुडीवर घटक छापलेले हवेत, पत्ता हवा. पावती हवी. जो हे पाळेल त्याला समितीचं प्रमाणपत्र, माझ्या सहीचं. जो पाळणार नाही त्याने बाजारात बसायचं नाही. कोणाची जात, गाव, ओळख पाहायची नाही. मला वाटलं, तुमचंच काम मी पुढे नेते आहे, फक्त नीट, कागदावर.

पहिल्याच बाजारात उठवावी लागली ती एक म्हातारी. तांड्यावरची, तुमच्या ओट्यावर येणाऱ्या बायांपैकी एक. मी तिला ओळखलं नाही, तिने मला ओळखलं. टोपलीत मुळ्या, डिंक, गोखरू, सगळं उघडं. मी तिला नियम समजावून सांगितले. ती शांतपणे म्हणाली, "बंद केलं त दिसन कसं, बाई? तुहे बाबूजी त मोडून पाहत." आजूबाजूचे हसले. मीही हसले, बाबा. तिने टोपली डोक्यावर घेतली आणि त्यानंतर ती बाजारात आली नाही.

तिच्या जागेवर एक तरुण बसला. इस्त्रीचा शर्ट, फायलीत सगळे कागद, गुडघेदुखीचं चूर्ण चकचकीत पुड्यांत. नियमाप्रमाणे त्याच्यात काहीच कमी नव्हतं. मी सही केली. त्याने प्रमाणपत्र मोठं करून मागे टांगलं. शाळेत पोषण आहार रांधणारी बाई त्याच्याकडून घेऊ लागली. दोन दिवसांत तिचे गुडघे दुखायचे थांबले, सहा महिन्यांत तोंड सुजलं, साखर वाढली, साधी जखम भरेना. वाशिमच्या डॉक्टरांनी पुडीचं रिकामं पाकीट उलटंसुलटं पाहिलं आणि सांगितलं, यात स्टेरॉइड कालवलेलं असावं, पण तपासल्याशिवाय मी लिहून देऊ शकत नाही. ते चूर्ण एकदम बंद करू नका, मी सांगतो तसं हळूहळू कमी करा, असंही म्हणाले. मी तिला भेटायला गेले. मला वाटलं, ती शिव्या देईल. मी तयार होते. तिने मला चटई टाकून दिली. "तुमची सही होती, त म्या घेतलं," एवढं म्हणाली आणि आत चहा ठेवायला गेली.

पुडीवरच्या पत्त्यावर मी स्वतः जाऊन आले. दुकानावरची एक खोली, कुलूप. पोरगा बाजारातून नाहीसा झाला. समितीत मी म्हटलं, नियम उलटे करू. कुटलेलं काही नको, आख्खं आणा, मोडून दाखवा, चावून दाखवा. सरपंच भला माणूस आहे, तो म्हणाला, "ताई, पर मोडलेलं वळखन कोन?" तुमच्यासोबत इतकी वर्षं राहून मला शतावरी कुठली आणि मुसळी कुठली हे सांगता येत नाही, बाबा. मी त्या म्हातारीला शोधायला तांड्यावर गेले. घरं बंद, सगळे ऊसतोडीला गेलेले. ती कुठे आहे, आहे की नाही, सांगायला कोणी नव्हतं. आणि माझे नियम मात्र आजूबाजूच्या गावांनी उतरवून घेतले आहेत. छापून लावले आहेत. कुठे गेले की लोक मला ते वाचून दाखवतात.

एकच गोष्ट करण्यासारखी उरली होती. तपासायला न फोडलेली पुडी लागते, असं आम्हाला सांगण्यात आलं. त्या बाईकडचं चूर्ण कमी करता करता संपलं होतं, उरली फक्त रिकामी पाकिटं. बाजारात आता माल नाही. एक सीलबंद पुडी होती, माझ्या कपाटात. कारण मीही तेच घेत होते. उभं राहून बोलण्याने माझे गुडघे केव्हाच गेलेत. तिचं कळल्यावर मी घेणं सोडलं, आणि दुखणं दुपटीने परत आलं. ती पुडी तपासायला द्यायची म्हणून मी वेगळी ठेवली, त्या बाईला तसा शब्द दिला. काल एका गावात या नियमांवरच माझं भाषण होतं. मला ते सांगायचं होतं, सगळं, चुकलं ते. मंचाला पाच पायऱ्या होत्या. निघण्याआधी घरातल्या घरात उंबरा ओलांडवेना.

मी पुडी फोडली, बाबा. आज गुडघे दुखत नाहीत. आणि काल मी तिथे नेहमीचंच भाषण केलं.