चोवीस पांढरे डबे

३ मार्च, सकाळी ७
सौ. आठ दिवसांसाठी मुलीकडे गेली. जाताना बजावून गेली की स्वयंपाकघरात हात घालू नका. हात कसला, कायापालटच करणार! तीस वर्षं गोडाऊन सांभाळलेल्या माणसाच्या घरात मीठ कॉफीच्या बाटलीत, साखर दूध पावडरच्या डब्यात आणि चहापत्ती कुठल्याशा आठकोनी डब्यात? शोभत नाही. संकल्प : मिनिमल किचन.

३ मार्च, संध्याकाळी
चोवीस डबे ऑर्डर केले. पांढरे, चौकोनी, सगळे एकसारखे. आत काय आहे ते अजिबात दिसत नाही. तेच तर सौंदर्य.

५ मार्च
डबे आले. जुने सगळे भंगारवाल्याला दिले. काकूंना विचारलंत का, असं म्हणाला. माणसाने आपल्या कामाशी काम ठेवावं.
लेबलं लावणार नाही, लुक जातो. गोडाऊनची पद्धत : डब्याच्या बुडाला नंबर, यादी माझ्या खिशात.

५ मार्च, दुपारी
नंबर बघायला डबा उलटा केला. झाकण सैल होतं. सतरा नंबरात मैदा आहे, हे यादी न बघताच कळलं. आंघोळ केली.

६ मार्च
आईला आता नुसता उजेड-अंधार कळतो. तरी चारचा चहा स्वतःच करते. कुणी मदतीला गेलं तर हाकलून देते. आज चहात मीठ पडलं. मी मुकाट प्यायलो. तिला समजावलं की साखर वरच्या फळीवर, डावीकडून तिसरी. सोपं आहे.

७ मार्च
साखर बरोबर. चहापत्तीऐवजी मोहरी. सकाळी फळी पुसताना डबे मीच मागेपुढे केले होते, पण तो तपशील झाला. सिस्टिममध्ये दोष नाही.

८ मार्च
दोष नाही हे सिद्ध करायला डोळ्यांवर टॉवेल बांधून मीच चहा केला. चहात हळद निघाली. टॉवेल घट्ट होता.

९ मार्च
चार वाजले तरी आई खुर्चीतून उठली नाही. म्हणाली, तूच कर बाबा, माझ्याच्याने आता काही होत नाही. छान, आराम कर, असं म्हटलं. चहा उत्तम झाला होता. तिने अर्धा ठेवला. मग हळूच विचारलं, तो आठ कोपऱ्यांचा डबा फुटला का? हाताला कोपरे लागले की तिला चहापत्ती कळायची. साखरेच्या डब्याला पोचा होता, मिठाची बाटली गार लागायची.
मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. फार वाईट वाटलं.

१० मार्च
भंगारवाल्याकडे गेलो. त्याच्या बायकोने आमचे डबे फळीवर मांडलेले. मीठ आमच्याच मिठाच्या बाटलीत! म्हणाली, काकूंची निवड चांगली आहे. चोवीस पांढरे डबे दिले तेव्हा बाकी सगळं परत मिळालं. आठकोनी डबा मात्र सोडेना. निवृत्तीच्या दिवशी मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ नेऊन दिलं, तेव्हा सुटला.
घरी येऊन सगळं भरलं. कुठे काय होतं ते आईने खुर्चीत बसून सांगितलं. एकदाही चुकली नाही. यादी फाडली.

११ मार्च
सौ. आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी स्वयंपाकघर तपासलं. आठ दिवसांत कशालाही हात लावला नाहीत, मला खरंच वाटलं नव्हतं, असं म्हणाली. मनापासून म्हणाली. तीस वर्षांच्या नोकरीत माझं एवढं कौतुक झालं नव्हतं. आई नुसती हसली.
मग सौ.ने घड्याळ कुठे गेलं म्हणून विचारलं. भिंत मोकळी बरी दिसते, असं सांगितलं.
आता वेळ कळायला भिंतीवर काही नाही. आई उठून ओट्याकडे निघाली आहे, म्हणजे चार वाजले.