पंख्याचा नट उजवीकडे सुटतो

देवराव बेटा,

तुझ्या पंचफुलाताईचं लग्न झालं त्या साली, सत्तावन्नला, लॉरी घेतली. इंजिनाचा पंखा इतका कधी अडला नव्हता. पट्टा काढून हातानं फिरवला. खरखरतो, म्हणजे आतलं बेअरिंग गेलं. नटाला घासलेट पाजलं आहे. त्याचे आटे उलटे आहेत, उजवीकडे फिरव. रागानं घण घालू नकोस. नवं बेअरिंग कोनाड्यात आहे.

मी पहिल्या बसनं तेल्हाऱ्याला जातो. गुडघ्यामुळं आईला बस चढवत नाही, तिला उचलून लॉरीत बसव आणि दुपारपर्यंत आण. तोवर माती थांबवतो. ती विचारेल, "माह्या दादाले काय झालं, खरं सांग." ताप आहे म्हण, आधी भाकर खाऊ घाल. बोललो असतो तर तिनं ऐकलं असतं, म्हणून लिहून पान्यांच्या पेटीत ठेवलं.

किसनमामा काल संध्याकाळी वारले.