मोठ्या डोक्याची माशी

३ जून, सकाळी
आजपासून आळस बंद. संग्रहालयातल्या लहान डोक्याच्या माश्यांचं एक अख्खं कुळ माझ्या गळ्यात पडलंय. ओळखायच्या, गट पाडायचे, चिठ्ठ्या लावायच्या. अंग गोलमटोल, पाठीला पोक, डोकं खसखशीएवढं. शुक्रवारपर्यंत काम फत्ते केलं तर मोठ्या मॅडम मला कायम करणार. मग सासऱ्यांचं 'जावईबापू अजून माश्याच मारतात का?' कायमचं बंद.

३ जून, दुपारी
दोन व्यत्यय. एक घरमाशी खिडकीतून येऊन डब्यावर बसली. फाइलने हाणली, टेबलावरच चेंदामेंदा. मग नमुन्याला टाचणी टोचताना त्याचं डोकं गळालं. वाळलेला माल, चालायचंच. टेबलावर लगेच सापडलं, डिंकाने चिकटवलं. माझ्या हाताला सफाई आहे, हे मानायलाच हवं.

४ जून
अरे बाप रे! कालच्या नमुन्याचं डोकं चांगलं मोठं आहे! म्हणजे हा या कुळातल्या कुठल्याच प्रजातीत बसत नाही. नवी प्रजाती! बाकीच्या माश्या तूर्त बाजूला. त्या काय, कुठे पळताहेत?

५ जून
नव्या प्रजातीला सासऱ्यांचं नाव देणार. बायको भडकली. बाबांनी तुमचं काय घोडं मारलंय, म्हणाली. डोकं मोठं आहे म्हटल्यावर विरघळली. लगेच माहेरी फोन. सासरे रविवारी माशीच्या फोटोसाठी फ्रेम घेऊन येताहेत.

६ जून, शुक्रवार
मॅडम मायक्रोस्कोपमधून बराच वेळ बघत होत्या. मला वाटलं, भारावल्या. मग त्यांनी सुई नुसती टेकवली आणि डोकं टपकन खाली. म्हणाल्या, धड आपलं, डोकं घरमाशीचं. बाकीचे नमुने कुठायत, म्हणाल्या. ते सुरूच केले नव्हते. कायम करायचं पुढच्या वर्षी बघू, म्हणाल्या.

ऑफिसला डिंक फार हलका येतो. तक्रार करणार आहे.

६ जून, संध्याकाळी
खरं डोकं सापडलं. डिंकाच्या बाटलीच्या झाकणाला चिकटलेलं. खसखशीएवढंच. डोळ्यांत पाणी आलं. धूळ असणार.

८ जून
सासरे हजर. फ्रेम सोनेरी, भलीमोठी. माशी अजून वाळतेय असं सांगणार होतो, पण बायकोने आधीच सगळं सांगून टाकलेलं. फ्रेम वाया नको म्हणून तिने त्यात माझा फोटो लावला. सासऱ्यांनी चष्मा चढवून तो नीट निरखला. छान आलाय, लेकीला म्हणाले. फक्त डोकं यांचंच आहे ना, तेवढं एकदा हलवून बघ.