ढलप्यांतली ओल

४ मार्च

भाऊजींची ट्रॉली आज पुन्हा नापास! पॉप्लरच्या ढलप्यांत मीटरचे टोचे खुपसले — एकोणपन्नास टक्के ओल. पंचेचाळीसच्या वर माल बॉयलरला चालत नाही. कारखान्याच्या फाटकावर ओल मोजायचं काम माझं, आणि नापास माल सख्ख्या दिराचा. सगळे बघत होते.

"वहिनी, जानेवारीत झाडं पाडली. दोन महिने वाळलीत. हातात तरी घेऊन बघा!"

घेतल्या. कोरड्या लागल्या. पण वरच्या कोरड्याच असणार — पाणी मारणारा आत मारतो. माल वजनावर घेतात ना!

६ मार्च

सकाळी भाऊजींना चहा देताना सहज विचारल्यासारखं केलं, "ढलप्यांच्या ढिगाशेजारी पाइप कशाला पडलाय?"

"तोडलेल्या बुंध्यांना फुटवे आलेत, त्यांना पाणी सोडतोय."

उत्तर कसं तयार! जाऊबाईंनी मान वर केली नाही.

७ मार्च

एकावन्न.

९ मार्च

आज आणखी तिघांचा माल पन्नासच्या वर. गेल्या महिन्यापर्यंत हे लोक सरळ होते. यांना कोणी शिकवलं ते काय सांगायला हवं? परवाच भाऊजी त्यांच्या घोळक्यात उभे राहून हसत होते. मी दिसले — सगळे चिडीचूप!

प्रयोगशाळेतला माणूस असता तर ढलप्या भट्टीत वाळवून खात्री करता आली असती. तो महिनाभर रजेवर. साहेब म्हणाले, "मीटर आहे, तुम्ही आहात. आणखी काय हवं?" बरं वाटलं.

१० मार्च

हे म्हणाले, "तू त्याला लहानपणापासून ओळखतेस."

ओळखते म्हणूनच! लग्न होऊन या घरात आले तेव्हा भाऊजी दुसरीत होते. पाढे मी पाठ करून घेतले. गृहपाठ केला नसला की 'वही हरवली' म्हणायचे — माझ्या डोळ्यांत डोळे घालून. हल्लीही तसंच बघतात.

१२ मार्च

लेखी दिलं. मालात पाणी मारतात, इतरांनाही सामील करून घेतात. खाली सही केली.

१३ मार्च

साहेबांनी भाऊजींचा माल तीन वर्षांसाठी बंद केला. म्हणजे नवे फुटवे तोडायला येतील तोवर! इतकं होईल असं वाटलं नव्हतं. पण चूक ती चूक.

१४ मार्च

भांडले असते तर परवडलं असतं. भाऊजी दारातच उभे राहिले.

"सहा वर्षं ही झाडं वाढवली, वहिनी. लावली तेव्हा ओळ सरळ यावी म्हणून दोरीचं एक टोक तुम्ही धरलं होतं. आणि मी पाणी मारीन असं वाटलं तुम्हाला?"

"माझ्या वाटण्याचा काय संबंध? मीटर खोटं बोलत नाही."

ते हसले. वाईट हसले.

दुपारी जाऊबाईंनी पेटी भरली. सगळेच त्यांच्या माहेरी जाणार, भाऊजी तिकडेच काम शोधणार. धाकटी पुतणी माझ्याकडे धावत आली, तर तिला मधूनच मागे ओढलं. मी काय तिला खाणार होते?

१५ मार्च

सासूबाई जेवल्या नाहीत. हे डबा न घेताच गेले. पाणी मारणारा बिचारा ठरला, आणि वाईट मी! ढीग अजून अंगणामागे पडलाय, वर ताडपत्रीसुद्धा नाही. तिकडची खिडकी लावून घेतली.

१७ मार्च

आज फाटकावर एकही ट्रॉली नाही. बसल्या बसल्या चाळा म्हणून मीटरचे टोचे टेबलाच्या फळीत खुपसले. माझ्या नोकरीच्याही आधीपासून या खिडकीत ऊन खात पडलेलं टेबल. वाळून चिरा पडल्यात.

त्रेपन्न टक्के.